गाणं आधी पायात, मग मनात, मग स्वतःचं : वर्गात संगीत शिकवण्याची एक सोपी वाट



आपल्या वेळापत्रकात 'कला' या विषयाची तासिका असते. पण जिल्हा परिषदेच्या दोन-शिक्षकी शाळेत संगीत शिक्षक नसतो, आणि हार्मोनियम असलीच तर ती कपाटात असते. त्यामुळे आपल्याकडे संगीत म्हणजे तीनच गोष्टी उरतात : परिपाठातली गीतं, चालीवर म्हटलेली कविता आणि स्नेहसंमेलनातला नाच. या तिन्ही ठिकाणी नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. पाच-सहा मुलं मोठ्याने गातात आणि बाकीची ओठ हलवतात. त्यातल्या एखाद्याला कधीतरी "तू मागे उभा राहा, तुझा सूर लागत नाही" असं ऐकवलेलं असतं. एवढं एक वाक्य पुरतं. ते मूल मोठं झालं, आई-बाप झालं, तरी "मला गाता येत नाही" असंच म्हणत राहतं. हा लेख वाचणाऱ्यांपैकीही अनेक जण हेच म्हणत असतील.

आज आपण संगीत शिकवण्याची अशी एक पद्धत पाहणार आहोत जिच्यात सुरुवात गळ्यापासून होत नाही, पायापासून होते. तिचे तीन भाग आहेत : शरीराची हालचाल, आंतरश्रवण म्हणजे मनातल्या मनात ऐकणं, आणि उपज म्हणजे आयत्या वेळी स्वतःचं काहीतरी सुचवणं. पेटी-तबला येत नसलेल्या शिक्षकालाही ती जमते. खर्च शून्य आहे.

ही कल्पना कुठून आली?

एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) हे स्वित्झर्लंडचे संगीत शिक्षक. १८९२ मध्ये ते जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवू लागले. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. विद्यार्थी बोटांनी वाद्य छान वाजवत, स्वरलिपीचे नियम पाठ असत, पण कागदावर लिहिलेले स्वर त्यांना मनात ऐकू येत नसत. लय तर सारखी घसरायची. मात्र वाजवताना लय सोडणारा तोच विद्यार्थी रस्त्याने चालताना अगदी एकसारखी पावलं टाकत होता! म्हणजे लय त्याच्या अंगात होतीच, फक्त ती वाद्यापर्यंत पोहोचत नव्हती.

यावरून दालक्रोझ यांनी ठरवलं की संगीताचं पहिलं वाद्य म्हणजे माणसाचं शरीर. आधी चालायचं, थांबायचं, उडी मारायची, झुलायचं. मग गायचं आणि वाजवायचं. या पद्धतीला युरिदमिक्स म्हणतात. १९११ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ इथे त्यांची संस्था उभी राहिली. पहिल्या महायुद्धात ते काम थांबलं आणि १९१५ मध्ये त्यांनी जिनिव्हात संस्था काढली. ती आजही सुरू आहे.

आता तुम्ही म्हणाल, जिनिव्हाचं आपल्याला काय करायचंय? तर मुद्दा पुढेच आहे.

हे आपल्याकडे आधीपासून आहे

आपल्या जिल्ह्यात हरिनाम सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात आणि पावली सुरू होते. पुढे पाऊल, मागे पाऊल, वळण, उडी. हातात टाळ, पायात ठेका, तोंडात अभंग. रांगेच्या शेवटी सात-आठ वर्षांची पोरं असतात. त्यांना कुणी 'एक-दोन-तीन-चार' शिकवलेलं नसतं. शेजारच्या माणसाच्या पायाकडे बघत बघत ती आठ मात्रांचा भजनी ठेका अंगात मुरवतात. आधी संथ, मग दुप्पट लयीत. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाताना आपल्याच जिल्ह्यातून जाते. त्या दिंड्यांमध्ये हीच शाळा चालता चालता भरलेली असते.

दुसरं उदाहरण जात्यावरच्या ओवीचं. जातं फिरवताना हाताला एक गती असते. ओवीची ओळ त्या फिरण्यावर बसते आणि शब्द मात्र बाई स्वतः जोडते. भावाचं नाव, माहेरचं गाव, काल घडलेली गोष्ट, सगळं त्यात येतं. म्हणजे हालचाल आहे, ऐकून ऐकून मनात बसलेली चाल आहे आणि उपजही आहे. दालक्रोझ यांचे तिन्ही भाग एकाच जात्यावर! गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या आहेत. या बायकांपैकी कुणी संगीत विद्यालयात गेल्या नव्हत्या.

तिसरं उदाहरण शास्त्रीय संगीतातलं. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसून गाणं शिकता येऊ लागलं. आजही गाण्याच्या सुरुवातीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलाला ताल हातावर देऊन दाखवावा लागतो. टाळीला टाळी, खालीला हात बाजूला. तीनताल सोळा मात्रांचा : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. खालीचा अर्थ काय? इथे आवाज नाही, पण वेळ चालू आहे आणि ती मनात मोजायची आहे. आंतरश्रवणाचा यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

आणि लेझीम तर आपल्या प्रत्येक शाळेत आहे.

मग नवीन काय? नवीन एवढंच की हे सगळं आपण शाळेच्या दाराबाहेर ठेवतो. आत आलो की मुलांना बाकावर बसवून, हाताची घडी घालून गाणं म्हणायला लावतो. ते दार उघडायचं आहे.

भाग पहिला : पायात लय

साहित्य : एक हलगी. नसेल तर पत्र्याचा डबा आणि काठी. मैदान, व्हरांडा किंवा बाक कडेला सरकवलेला वर्ग.

*उपक्रम १ : आधी मी तुझ्या मागे.* आपण नेहमी उलटं करतो. आपण वाजवतो आणि मुलांनी त्यावर चालावं अशी अपेक्षा ठेवतो. पहिलीच्या मुलाची नैसर्गिक चाल आपल्यापेक्षा जलद असते, कारण पाय लहान असतात. म्हणून सुरुवातीला एका मुलाला चालायला सांगा आणि त्याच्या पावलांवर तुम्ही हलगी वाजवा. तो थांबला की हलगी थांबेल, तो पळाला की हलगी पळेल. मुलांना हे भयंकर आवडतं, कारण सर किंवा मॅडम त्यांचं ऐकतायत! चार-पाच मुलं झाली की मग म्हणा, "आता तुम्ही हलगीचं ऐका." तोपर्यंत पाय आणि आवाज यांचं नातं त्यांना कळलेलं असतं.

*उपक्रम २ : बदल!* हलगीवर सगळे चालतायत. तुम्ही "बदल" म्हटलं की लगेच दिशा उलटी. दुसऱ्या दिवशी "बदल" म्हणजे दुप्पट लय, तिसऱ्या दिवशी "बदल" म्हणजे जागेवर थांबून चार मात्रा मनात मोजायच्या आणि पाचव्या मात्रेला पुन्हा चालायचं. या खेळात कान सतत जागा ठेवावा लागतो. ज्या मुलांना एका जागी बसवत नाही, ती इथे सर्वांत पुढे असतात, हे तुम्हालाही दिसेल.

*उपक्रम ३ : संथ चालून बघा.* लय जेवढी संथ, तेवढी अवघड. असं का? दोन पावलांमधला वेळ वाढला की पाऊल लांब टाकावं लागतं, तोल सांभाळावा लागतो, जोर आवरावा लागतो. वेळ, जागा आणि जोर या तिन्हींचा मेळ बसला तरच लय टिकते. परिपाठातली प्रार्थना दुसऱ्या कडव्यापासून पळायला लागते, त्याचं कारण हेच आहे. मुलांना संथ लय अंगात धरता येत नाही. "हळू म्हणा रे" असं ओरडून ते होत नाही. संथ लयीत हत्तीसारखं चालवा, झोपाळ्यासारखं झुलवा. पंधरा दिवसांनी प्रार्थना आपोआप जागेवर येते.

*उपक्रम ४ : तालुक्यांचे ताल.* हा माझ्या वर्गात सर्वांत चाललेला खेळ. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. मराठी छंदात ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन, हे आपण जाणतोच. जोडाक्षरामुळे आघात आला तर त्याआधीचं अक्षर दोन मात्रांचं होतं. आता नावं मोजून बघा.

पारनेर : पा (२) र (१) ने (२) र (१). एकूण सहा, तीन-तीनचे दोन भाग. हा झाला दादरा!
शेवगाव आणि जामखेड : यांचंही तसंच, तीन अधिक तीन.
श्रीरामपूर : श्री (२) रा (२) आणि म (१) पू (२) र (१). आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग. हा केरवा.
संगमनेर : सं (२) ग (१) आणि म (१) ने (२) र (१). सात मात्रा, तीन अधिक चार. कोपरगावही तसंच. रूपक तालाचे तीन-दोन-दोन भाग इथे बसतात.
नेवासा : दोन-दोन-दोन. मात्रा सहाच, पण चाल दादऱ्याची नाही.
कर्जत : आघातामुळे 'क' दोन मात्रांचा, म्हणून एकूण चार.

मुलांनी भागाच्या पहिल्या अक्षरावर जोरात पाऊल टाकायचं आणि उरलेल्या मात्रांवर हलकी पावलं टाकायची. अर्धा वर्ग 'पारनेर' चालतोय, अर्धा 'श्रीरामपूर'. पारनेरवाले चार वेळा म्हणतील तेव्हा श्रीरामपूरवाले तीन वेळा म्हणतील आणि दोघांचं पहिलं पाऊल चोविसाव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र पडेल. सहा आणि आठचा लसावि चोवीस. हे गणितात शिकवताना पायाने शिकवलेलं विसरत नाहीत. भूगोल, भाषा, गणित आणि ताल, चारही एका खेळात.

नंतर मुलांना स्वतःची नावं मोजू द्या. राधा चार मात्रांची, गणेशही चारच, सुरेखा पाचांची.

भाग दुसरा : मनात सूर

आंतरश्रवण हा शब्द जड वाटतो, पण अनुभव रोजचा आहे. एखादं गाणं डोक्यात दिवसभर वाजत राहतं ना, तेच. गळ्यातून आवाज निघण्याआधी तो मनात वाजावा लागतो. मनात सूर नसेल तर गळा अंदाजाने कुठेतरी जातो. आपण ज्याला 'बेसूर' म्हणतो त्या बहुतेक मुलांची अडचण गळ्याची नसते. त्यांनी पुरेसं ऐकलेलं नसतं, किंवा आपण चुकीच्या पट्टीत गातो.

हा पट्टीचा मुद्दा पुरुष शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावा. पुरुषांचा षड्ज साधारण काळी एकच्या आसपास सोयीचा असतो. मुलांना आणि स्त्रियांना काळी चार किंवा पाचच्या आसपास बरं वाटतं. आपण खालच्या पट्टीत गाणं सुरू केलं की काही मुलं तो खालचा आवाज काढायला जातात आणि त्यांचा आवाज घशात गुरगुरतो. मग आपणच म्हणतो, याला सूर नाही. यावर उपाय सोपा आहे. ज्या मुलीचा किंवा मुलाचा आवाज मोकळा आहे त्याला गाणं उचलायला सांगा आणि आपण मागून जा.

*उपक्रम ५ : मूठ बंद.* सगळ्यांना येणारं एक गाणं घ्या. राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा अशा खेळांसाठी कधीच घेऊ नका. कविता किंवा भोंडल्याचं गाणं घ्या. तुमचा हात उघडा असेपर्यंत मोठ्याने गायचं. मूठ बंद केली की आवाज बंद, पण गाणं मनात चालू. मूठ उघडली की जिथे मन पोहोचलं असेल तिथून मोठ्याने. पहिल्या दिवशी गोंधळ होतो. कुणी पुढे, कुणी मागे. पाय हलते ठेवले तर लगेच जमतं. इथे पहिल्या भागाचा उपयोग कळतो. पायातली लय मनातल्या गाण्याला धरून ठेवते. सुरुवातीला दोनच शब्द गाळा, मग एक ओळ, मग अर्धं कडवं.

गंमत अशी की जी मुलं मोठ्याने गायला लाजतात, ती या खेळात पूर्ण सहभागी असतात. कारण इथे सगळेच गप्प असतात आणि तरी सगळेच गात असतात.

*उपक्रम ६ : खालीची जागा.* तीनताल हातावर. सोळा मात्रा मोठ्याने मोजा, टाळी आणि खाली द्या. दुसऱ्यांदा पहिल्या आठ मोठ्याने, पुढच्या आठ मनात. तिसऱ्यांदा सगळ्या मनात आणि फक्त समेला सर्वांची एकच टाळी. पन्नास हातांची टाळी एकत्र पडली की मुलांच्या तोंडावर जे हसू येतं ते बघण्यासारखं असतं.

*उपक्रम ७ : अंगावरची सरगम.* गुडघ्यावर हात म्हणजे सा, कमरेवर ग, छातीवर प, डोक्यावर तार सा. आधी तुम्ही गात गात दाखवा. मग न गाता फक्त हात दाखवा आणि मुलांनी गावं. शेवटी तुम्ही तीन स्वर हाताने दाखवून थांबायचं, मुलांनी मनात ऐकायचं आणि खुणेनंतरच गायचं. आपल्या सरगमची सोय अशी की सा कुठल्याही पट्टीत धरता येतो. त्यामुळे वर्गाच्या सोयीचा सा घ्या. पेटी येत नसेल तर मोबाइलवर तानपुरा लावा.

*उपक्रम ८ : गावाचा आवाज.* दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि आवाज मनात साठवायचे. मग क्रमाने सांगायचे. मोटारसायकल, चक्की, होला, लांबून येणारा कारखान्याचा भोंगा. "भोंगा आधी होता की चक्की?" यावर जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. नंतर तो क्रम तोंडाने वाजवून दाखवायचा.

भाग तिसरा : उपज

आपण शाळेत मुलांना दुसऱ्याचं गाणं पाठ करायला लावतो. स्नेहसंमेलनात तर गाणं रेकॉर्डचं, स्टेप व्हिडिओतल्या आणि मुलांनी फक्त नक्कल करायची. त्यालाही जागा आहे, त्यात मेहनत आहे. पण त्यात मुलाला काहीच ठरवावं लागत नाही. स्पीकर बंद पडला की नाच बंद पडतो, कारण गाणं मुलांच्या आत नसतं.

उपज हा आपल्या संगीतातलाच शब्द. ताल आणि राग यांच्या चौकटीत राहून त्या क्षणी सुचलेलं. लहान मुलांसाठी चौकट लहान करायची, एवढंच. चौकट जितकी लहान, तितकी मुलं मोकळी होतात. "काहीतरी गा" म्हटलं की सगळी गप्प बसतात. "फक्त सा, रे, ग या तीन स्वरांत तुझं नाव गा" म्हटलं की प्रत्येकाला सुचतं.

*उपक्रम ९ : सवाल-जवाब.* तुम्ही आठ मात्रांचा बोल टाळ्या-चुटक्यांत वाजवा, मुलाने आठ मात्रांत उत्तर द्यायचं. तेच वाजवायचं नाही. बाकीच्या वर्गाचे पाय लय धरून असतात. जमू लागलं की मुलं आपापसात जोड्या करतात. चुकीचं उत्तर असं काही नसतं, फक्त आठव्या मात्रेनंतर थांबायचं असतं.

*उपक्रम १० : आजची ओवी.* दोन मुलं समोरासमोर बसून हात धरून जातं फिरवल्याचा अभिनय करतात. एक सोपी चाल ठरवून घ्या. पहिली ओळ तुम्ही द्या, उदाहरणार्थ आज शाळेत काय झालं याविषयी, आणि पुढची ओळ मुलांनी जोडायची. यमक जुळलं तर छान, नाही जुळलं तरी पुढे जायचं. शक्य असेल तर एखाद्या आजीला वर्गात बोलवा. मुलांच्या आज्यांना ओव्या येतात आणि त्यांना शाळेत कुणी कधी विचारलेलं नसतं.

*उपक्रम ११ : तू नाच, मी वाजवतो.* एक मूल मनाला येईल तसं हलतं आणि दुसरं डब्यावर त्याच्या हालचालीचा आवाज काढतं. हळूच वाकला तर आवाज कसा? उडी मारली तर? मग अदलाबदल.

हे कशासाठी करायचं?

एक उदाहरण सांगतो. आपल्या जिल्ह्याची एक वेगळीच परिस्थिती आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीडमधून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला निघतात, आणि राहुरी, नेवासा, संगमनेर, कोपरगाव भागात कारखान्यांच्या परिसरात कोप्या पडतात. त्यांची मुलं सत्राच्या मध्येच शाळेत येतात. धडा कुठला चालू आहे माहीत नाही, कविता पाठ नाही, ओळखीचं कुणी नाही. असाच दुसरीतला एक मुलगा माझ्या वर्गात आला. दोन आठवडे एक शब्द बोलला नाही. 'आधी मी तुझ्या मागे' या खेळात त्याची पाळी आली, तेव्हा तो चालला, थबकला, पुन्हा चालला, आणि हलगी आपल्या पायावर वाजतेय हे कळल्यावर त्याने अशी काही गिरकी घेतली की सगळा वर्ग त्याच्या मागे गिरक्या घेऊ लागला. त्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी त्याचं नाव विचारलं. वाचनाची त्याची अडचण त्या एका दिवसात संपली नाही, ती वेगळी मेहनत होती. पण त्याला वर्गात जागा मिळाली. अक्षर येत नसलेल्या मुलालाही पहिल्या दिवशी पूर्ण सहभागी होता येईल असा खेळ आपल्या वेळापत्रकात फार कमी ठिकाणी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि शिक्षण यांची सांगड घालण्यावर भर आहे. ती सांगड प्रकल्पाच्या फाइलमध्ये न राहता मुलाच्या अंगात यायची असेल तर असे दहा-दहा मिनिटांचे खेळ उपयोगी पडतात.

एका तासिकेचं नियोजन (३५ मिनिटे)

१. हलगीवर चालणं, थांबणं, बदल : ८ मिनिटे
२. तालुक्यांचे किंवा नावांचे ताल : ७ मिनिटे
३. खाली बसून मूठ बंद किंवा अंगावरची सरगम : ८ मिनिटे
४. सवाल-जवाब किंवा ओवी : ८ मिनिटे
५. शांत बसून आजचं गाणं एकदा फक्त मनात म्हणणं : ४ मिनिटे

बहुवर्ग शाळेत मोठी मुलं ठेका धरतात आणि लहान मुलं चालतात. रोज तासिका मिळणार नाही हे मलाही माहीत आहे. परिपाठानंतरची पाच मिनिटं घेतली तरी चालेल.

काही काळज्या

उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवू नका. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल तर हलगीऐवजी चुटक्या वापरा. ज्या मुलाला चालता येत नाही त्याने बाकावर बोटं चालवायची, आणि 'आधी मी तुझ्या मागे' खेळताना हलगी त्याच्या बोटांमागे जायची. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला हलगीच्या कडेला हात लावू द्या. कंप हाताला कळतो आणि लय तिथूनही शिकता येते.

पावली घेताना वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत याचं भान ठेवा. आपण पाऊल शिकतोय, पूजा नाही. त्यासाठी कुठलंही निसर्गगीत घ्या. तसंही टाळ-मृदंग कुणा एकाचे नाहीत. याच नगर शहरात राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी वळणाची ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनं रचली.

शेवटची आणि महत्त्वाची काळजी : कुणालाही एकट्याला उभं करून गायला लावू नका. ज्याला पुढे यायचंय तो येईल.

नोंदी कशा लिहाल?

आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत 'गायनात रस घेतो' एवढंच लिहून आपण मोकळे होतो. त्याऐवजी अशा नोंदी करता येतील :

– हलगीची लय बदलताच पावलांची लय बदलतो.
– संथ लयीत सोळा मात्रा तोल न जाता चालते.
– मनात म्हटलेल्या ओळीनंतर योग्य शब्दावर गाणं उचलतो.
– तीन स्वरांत स्वतःची ओळ तयार करून गाते.
– जोडीदाराचं ऐकून त्याला आठ मात्रांत उत्तर देतो.

यात गोड आवाजाला गुण नाहीत. ऐकणं, धरून ठेवणं आणि सुचवणं यांना आहेत, आणि या तिन्ही गोष्टी प्रत्येक मुलाला शिकवता येतात.

पालकांसाठी दोन शब्द

घरी यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. मूल तुमच्यासोबत शेतात किंवा दुकानात चालत असेल तेव्हा त्याच्या पावलांवर एखादं गाणं म्हणा. अर्ध्यावर थांबा आणि पुढची ओळ त्याला मनात म्हणू द्या. भाकरी थापताना, धान्य पाखडताना, लाकडं फोडताना हाताला जी लय असते ती त्याला दाखवा. सप्ताहात ते टाळ घेऊन रांगेत उभं राहिलं तर "तुला येत नाही, बाजूला हो" म्हणू नका. शेवटची जागा त्याच्यासाठी ठेवा. आणि चारचौघांत "आमच्या पोराला गाता येत नाही" हे वाक्य कृपया टाळा. मूल ते ऐकत असतं.

शिक्षक मित्रांनो, अकराही उपक्रम एकदम सुरू करू नका. या आठवड्यात फक्त पहिला करा. डबा घ्या, एका मुलाला चालायला सांगा आणि त्याच्या पावलांवर वाजवा. शक्यतो अशा मुलापासून सुरुवात करा, जे परिपाठात नुसते ओठ हलवतं.